ढालीची मागली बाजू

मुंबईतील जुन्या कॅथलिक हायस्कुलांत मुख्याध्यापकांच्या कचेरीकडे जाणारा वऱ्हांडा बहुधा एकाच धाटणीचा असतो: उंच छत, पायांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेली फरशी, भिंतीवर क्रूस, संस्थापक फादरांची काळवंडलेली चित्रे, आणि त्या चित्रांखाली, कपाटात मावत नाहीत म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडी ढाली. ढालीच्या मध्यभागी चांदीचा अथवा पितळेचा मोठा पत्रा, त्यावर स्पर्धेचे नाव, आणि सभोवार बोटाच्या पेराएवढ्या छोट्या ढाली ओळीने ठोकलेल्या. प्रत्येकीवर एक साल आणि एका शाळेचे नाव.

माझे शिक्षण अशाच एका, उपनगरातल्या आणि फारशा नावाजलेल्या नसलेल्या, मिशनच्या शाळेत झाले. तेथे बक्षीससमारंभाच्या आदल्या आठवड्यात ढाली घासण्याची कामगिरी आठवीच्या मुलांकडे येई, आणि चिंचेने पत्रा उजळून झाल्यावर लाकूड पुसण्यासाठी ढाल उलटी करावी लागे. मागच्या बाजूस रंधा न फिरवलेले लाकूड, आरपार आलेल्या चुकांची वाकवून बसवलेली टोके, सुताराच्या पेन्सिलीच्या खुणा आणि टांगण्याची गंजकी तार. पुढच्या बाजूवर जिंकणाऱ्यांची नावे. ज्यांच्याशी झुंजून ती नावे तेथे लागली, त्यांचा उल्लेख पुढे नव्हता आणि मागेही नव्हता. मुंबईच्या शालेय स्पर्धांचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आपण ढालीची पुढची बाजू वाचावी तसाच वाचत आलो. परंतु ज्या व्रतस्थ माणसांनी या शाळा उभारल्या आणि चालविल्या, त्यांनी मैदानाकडून जे अपेक्षिले होते त्याचा ठाव मागच्या बाजूस लागतो, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे.

चढाओढीला शिक्षणात मानाचे स्थान देणे ही या मंडळींची पुरातन रीत. ज्या येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइटांच्या, फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली प्रसिद्ध झाले आणि ज्याने आपल्या मराठीची थोरवी मनापासून गाइली, त्याच संघाने त्याआधी सतरा वर्षे, 1599 मध्ये, आपल्या साऱ्या विद्यालयांसाठी 'राशियो स्टुडिओरम' या नावाची अध्यापनव्यवस्थेची जणू सनदच जारी केली होती. प्रामाणिक चढाओढ ही विद्याभ्यासाला मोठी प्रेरणा देते, असे तीत स्पष्टपणे गृहीत धरले आहे. वर्गातील मुलाला एक प्रतिस्पर्धी नेमून द्यावा, एकाने धडा म्हणावा व दुसऱ्याने चूक दाखवावी, ही त्या व्यवस्थेतील तजवीज. पुढे वर्गाचे दोन तट पाडून एकाला रोम व दुसऱ्याला कार्थेज म्हणण्याचा प्रघात युरोपभरच्या जेझुइट शाळांत पडला. या योजनेतील मर्म असे की, प्रतिस्पर्धी हा शत्रू म्हणून नव्हे तर साह्यकर्ता म्हणून नेमलेला असे; त्याच्यावाचून आपली चूक आपल्याला दिसलीच नसती. आठवड्यातील एक दिवस पाठांपासून मोकळा ठेवण्याची आणि देहाची हेळसांड न करण्याची ताकीदही याच परंपरेतली. ख्रिस्ती धर्मग्रंथांना तर स्पर्धेची उपमा परकी नाहीच. संत पौलाने धावण्याच्या शर्यतीचा दृष्टान्त दिला तो करिंथच्या लोकांना, ज्यांच्या शहरालगत इस्थमियन सामने भरत असत आणि ज्यांना धावपटूचा घाम व त्याच्या डोक्यावरची पानांची माळ ही दोन्ही डोळ्यांनी पाहून ठाऊक होती.

मुंबई इलाख्यापुरते बोलायचे तर 1854 हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी करून दिली, आणि त्याच सुमारास मुंबईच्या मिशनचा कारभार जर्मन भाषा बोलणाऱ्या जेझुइटांच्या हाती येऊ लागला. पुढील पंधरा वर्षांत, वांद्र्याला सेंट स्टॅनिस्लॉस 1863 मध्ये, माझगावला सेंट मेरीज 1864 मध्ये, पुण्याच्या लष्करात सेंट व्हिन्सेंट 1867 मध्ये आणि धोबीतलावालगत सेंट झेवियर 1869 मध्ये, अशी एकामागून एक हायस्कुले उभी राहिली. 1872 साली बिस्मार्कच्या अमदानीत जर्मनीमध्ये येशूसंघाविरुद्ध कायदा झाला, संघाची मायदेशातील घरे बंद पडली, आणि सातासमुद्रांपलीकडील या शाळाच त्यांतील अनेकांचे घर बनल्या.

येथे एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या फादरांपैकी बहुसंख्यांना क्रिकेट हा खेळ जन्मतः ठाऊक नव्हता. जर्मन, स्विस, आणि पहिल्या महायुद्धात जर्मनांची रवानगी झाल्यावर 1922 च्या सुमारास आलेले स्पॅनिश, ज्या तुकडीबरोबर इतिहाससंशोधक फादर हेरासही आले, यांपैकी कोणाच्याही गावच्या माळावर तीन दांड्या रोवून कोणी खेळत नसे. कवायत त्यांच्या परिचयाची होती. क्रिकेट त्यांनी येथे पाहिले, आणि ते त्यांना या शहराने शिकविले. इंग्लंडातील पब्लिक स्कुलांत मैदानाला शीलसंवर्धनाचे साधन मानण्याचा जो विचार रुजला होता तो विद्याखात्याच्या अंमलदारांबरोबर मुंबईस आला; पण तो येण्याच्याही आधी एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी पोरे छत्रीला बॅट मानून खेळू लागली होती, त्यांच्यामागून हिंदू व मुसलमान तरुणांनी आपापले क्लब काढले होते, आणि याच मैदानाचा मोठा भाग पोलो खेळणाऱ्या गोऱ्या साहेबांसाठी अडवून ठेवल्याबद्दल सरकारदरबारी अर्जावर अर्ज गुदरले जात होते. शाळेच्या फाटकाबाहेर सारे शहर खेळत असताना फाटकाआड केवळ लॅटिन शिकवीत बसणे शक्य नव्हते, आणि फादरांच्या विवेकाचे मला कौतुक वाटते ते असे की, त्यांनी परका खेळ परका म्हणून दूर सारला नाही. त्याला आपल्या जुन्या चढाओढीच्या विद्येत बसविले.

इंग्लंडच्या संघाचे कर्णधारपद भूषवून आलेले लॉर्ड हॅरिस 1890 ते 1895 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाची ढाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शाळांपुढे आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लहान मुलांसाठी गाइल्स ढाल तिच्या जोडीस आली. या दोन ढालींनी मुंबईच्या क्रिकेटला जी मुले दिली त्यांची नामावळी सर्वश्रुत आहे. तितकीच महत्त्वाची असूनही सहसा कोणी न बोलणारी बाब संघांच्या घडणीची आहे.

त्या काळी या शहरातील सर्वांत मोठी क्रिकेटस्पर्धा धर्माच्या पायावर उभी होती. युरोपियन विरुद्ध पारशी असा तिचा आरंभ. 1907 मध्ये हिंदू आले आणि ती तिरंगी झाली, 1912 मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी झाली, 1937 मध्ये उरल्यासुरल्यांचा 'रेस्ट' हा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. देशी ख्रिस्ती माणसाची जागा या उरल्यासुरल्यांत. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घरातील विजय हजारे यांनी 1943 साली 'रेस्ट'तर्फे हिंदूंविरुद्ध संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्याने केल्या, तेव्हा मैदानात लोटलेल्या प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या टोप्या व पगड्यासुद्धा संघागणिक वेगवेगळ्या मांडवांत वाटल्या गेल्या असतील, अशी कल्पना सहज करता येते. 1946 मध्ये ही स्पर्धा कायमची बंद पडली.

आता याच वर्षांतल्या एखाद्या कॅथलिक हायस्कुलाचा संघ नजरेसमोर आणावा. शाळा कॅथलिकांची, चालविणारे पाद्री, सकाळची प्रार्थना ख्रिस्ती. परंतु फीच्या वहीत पारशी, गुजराती, मराठी, मुसलमान, ज्यू व कॅथलिक अशा सर्व घरांतील नावे, आणि म्हणून मैदानात उतरणाऱ्या अकरांतही तीच सरमिसळ. ज्या मुलाचा थोरला भाऊ हिंदू जिमखान्याकडून खेळे, त्याला स्लिपमध्ये पारशी मुलाच्या शेजारी उभे राहावे लागे आणि झेल सुटला तर दोष दोघांचा मिळून असे. या ऐक्यावर कोणी प्रवचन दिले असेल असे मला वाटत नाही. ते वेळापत्रकातून आपोआप घडले. तथापि धर्माच्या नावाने उघडलेल्या शाळेने धर्मावाचून संघ निवडावा, आणि व्यापारउदिमाने गजबजलेल्या शहराने आपला सर्वांत मोठा खेळ धर्मवार वाटून घ्यावा, ही दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे, शाळेच्या टोपीने त्या पिढ्यांना काय दिले हे मोजण्याचे एक माप हाती येते. पुढे माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेतून फरुख इंजिनीअर हा पारशी मुलगा आणि सेंट झेवियर शाळेतून सुनील गावसकर हा मराठी मुलगा भारताच्या संघापर्यंत गेला. गावसकर 1966 मध्ये देशातील सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरले तेव्हा त्यांच्या डोक्यावर या वऱ्हांड्याचीच टोपी होती.

खेळाची थोरवी गाणारे जे घोषवाक्य आज जगातील प्रत्येक माणसाच्या कानी पडते, त्याचा जन्मही एका कॅथलिक शाळेच्या मैदानावरचा आहे, हे थोड्यांना माहीत असते. पॅरिसलगतच्या आर्केय येथे डॉमिनिकन पंथाचे फादर आंरी दिदों हे शाळा चालवीत. 1891 च्या मार्चमध्ये आपल्या मुलांच्या शर्यती भरविताना त्यांनी अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बळाने अशा अर्थाचे तीन लॅटिन शब्द त्यांच्यापुढे ठेवले. त्यांचे स्नेही बॅरन द कुबर्तँ यांनी ते उचलले आणि 1894 मध्ये ऑलिंपिक चळवळीची स्थापना झाली तेव्हा तिच्या माथ्यावर कोरले. 1896 साली अथेन्सला पहिले आधुनिक सामने भरले त्या वेळी दिदों आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथे हजर होते. त्या तिन्ही शब्दांतील 'अधिक' हे पद कोणाहून अधिक, हे सांगत नाही. शेजारच्या धावपटूहून, की कालच्या आपल्याहून? फादर दिदों प्रवचनकार म्हणून गाजलेले होते, आणि शब्द तोलून वापरणाऱ्याने ही जागा रिकामी ठेवली ती अनवधानाने ठेवली असेल, असे मानणे मला जड जाते. 2021 मध्ये ऑलिंपिक समितीने त्या तिघांना 'एकत्र' हा चौथा शब्द जोडला.

दिदोंच्या आधी तुरीन शहरात डॉन बॉस्को नावाचा धर्मगुरू अनाथ व भटक्या मुलांना गोळा करून शिकवीत होता. हा शेतकऱ्याचा पोर लहानपणी दोरीवर चालण्याच्या कसरती शिकला होता, आणि गावोगाव फिरणाऱ्या डोंबाऱ्याला पळण्यात व उडी मारण्यात हरवून त्याने मित्र जमविले होते. 1884 च्या मे महिन्यात रोमहून त्याने आपल्या संस्थेला एक दीर्घ पत्र पाठविले. स्वप्नात आपण आपल्याच शाळेची दोन पटांगणे पाहिली, असे तो त्यात सांगतो. एक जुन्या काळचे: मुले धावत आहेत, उड्या मारीत आहेत, ओरडत आहेत, आणि शिक्षक त्यांच्या गराड्यात सापडले आहेत. दुसरे त्या वेळचे: मुले खांबांना टेकून उभी, जिन्यांवर कोंडाळी करून कुजबुजणारी, खेळणारी खेळतात पण मन नसल्यासारखी, आणि शिक्षक कडेने आपसांत बोलत फेऱ्या मारणारे. शाळेचे काय बिघडले आहे हे त्याने परीक्षेच्या निकालावरून वा प्रार्थनामंदिरातील हजेरीवरून ठरविले नाही. मधल्या सुट्टीतल्या पटांगणावरून ठरविले. मुलाला जे प्रिय आहे त्यावर शिक्षकाने आधी प्रेम करावे, मग शिक्षकाला प्रिय असलेल्या गोष्टींवर मूल प्रेम करू लागेल, हा त्या पत्राचा गाभा आहे. शिक्षणशास्त्रावरचे पुष्कळ जाडजूड ग्रंथ मी वाचले, पण मुलांना ओळखणाऱ्या माणसाचा हात इतक्या थोडक्यात क्वचितच जाणवला.

डॉन बॉस्कोच्या संस्थेचे सालेशियन फादर 1928 मध्ये मुंबईस आले ते हे पटांगण बरोबर घेऊनच. झगा कमरेला खोचून, मुलांच्या घोळक्यात फुटबॉलला लाथ मारणारा फादर हे दृश्य माटुंग्याला नवलाचे राहिले नाही. फुटबॉलची दुसरी वाट गोव्याची: 1883 साली प्रकृती सुधारण्यासाठी शिवोलीस येऊन राहिलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तेथील मुलांना हा खेळ शिकविला, असे गोव्याच्या फुटबॉलची कुळकथा सांगणारे सारे सांगतात. आणि वांद्र्याची गोष्ट हॉकीची. सेंट स्टॅनिस्लॉसच्या पटांगणावर आणि आसपासच्या गावठाणांच्या गल्ल्यांत हॉकीची काठी ही घरच्या झाडूसारखी नित्याची वस्तू होती. रविवारचा मिस्सा आटोपला की झग्यातले व बिनझग्यातले सारेच रेषेवर उभे.

मुलींच्या कॉन्व्हेंट शाळांचे ऋण मात्र आपण लिहून ठेवलेच नाही. आमच्या घराण्यांतल्या मुलींनी दहाव्या वर्षानंतर चारचौघांत धावू नये असा दंडक होता त्या काळात, या शाळांच्या कुंपणाआड मुली नेट लावून थ्रोबॉल खेळत होत्या, बास्केटबॉलसाठी उडी घेत होत्या, आणि हॉकीची काठी घेऊन पावसाच्या चिखलात पडत होत्या. वांद्र्याची मेरी डिसोझा 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला धावण्यासाठी गेली, तेव्हा स्वतंत्र भारतातून तेथे पोहोचलेल्या पहिल्या महिला खेळाडूंत तिची गणना झाली. सरकारकडून खर्चाची व्यवस्था होईना म्हणून तिच्या मित्रमंडळींनी पैसे उभे केले होते. दोन वर्षांनी मनिलाच्या आशियाई सामन्यांत तिने आणि पुण्याच्या स्टेफी डिसोझाने, आणखी दोघींसह, रिलेचे सुवर्णपदक आणले. 1982 मध्ये दिल्लीच्या आशियाई सामन्यांत सुवर्ण जिंकणाऱ्या महिला हॉकी संघाची कर्णधार एलायझा नेल्सन हीही पुण्याचीच. या मुलींना ढाली मिळाल्या त्या लहान आणि थोड्या. परंतु त्यांनी जो दंडक मोडला त्याची किंमत कोणत्याही चांदीत होणारी नव्हती.

आता थोडे माझ्या शाळेविषयी. आमच्याकडे गवताची खेळपट्टी नव्हती. मातीच्या पट्ट्यावर काथ्याची चटई ताणून तिच्या कडांना लोखंडी खुंट्या ठोकल्या जात. ती चटई दव पडलेल्या सकाळी दीडपट जड होई, उचलताना काथ्याची कुसळे तळहातात शिरत, आणि तिचा तो ओल्या दोरखंडासारखा वास दिवसभर हाताला राही. आमच्या खेळांचे प्रमुख असलेल्या फादरांनी एक शिरस्ता घालून दिला होता: सामना संपल्यावर चटई गुंडाळायची ती जिंकणाऱ्या संघाने. हरणाऱ्यांना पाणी, केळी, आणि पॅड सोडण्याची सवड. दुसऱ्या शाळांचे संघ प्रथम चकित होत, नंतर त्यांच्यातलेही काही हात लावायला येत, आणि मग वीसबावीस पोरे त्या लठ्ठ वळकटीला खांदे देऊन कोठीपर्यंत नेताना कोण जिंकले होते हे रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगता आले नसते. फादरांनी या रिवाजाचे कारण आम्हाला कधी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. जिंकण्याची आम्हाला फारशी सवयच नव्हती, आणि चटई गुंडाळणे हे आमच्या दृष्टीने भाग्याचे लक्षण होते.

त्याच शाळेत दुसराही एक नियम होता आणि तो मला आजही बोचतो. सहामाहीत दोन विषयांत नापास झालेल्या मुलाला आंतरशालेय सामन्यांतून वगळीत. नियमाचा हेतू शुद्ध होता; खेळाच्या नादाने अभ्यास बुडू नये, ही काळजी कोणत्याही पालकाची असते. आमच्या हॉकी संघात डाव्या कडेला एक मुलगा खेळे. त्याचे वडील गिरणीत पाळीला जात, घर एका खोलीचे, अभ्यासाला जागा जिन्यावरची. गणित आणि इंग्रजीने त्याला दगा दिला. यादीतून नाव गेल्याच्या दिवशी तो आपली काठी वर्गात घेऊन आला, ती फादरांच्या टेबलावर ठेवली, आणि दिवाळीनंतर पुन्हा शाळेत दिसला नाही. ज्या एका गोष्टीने तो शाळेला बांधलेला होता तीच दोरी आपण कापली, हे उमगायला शाळेला उशीर झाला. पुढच्या वर्षी तो नियम सौम्य झाला, नापास मुलांसाठी सरावाआधी अर्धा तास शिकवणी सुरू झाली, पण ज्याच्यामुळे झाली तो तिच्यात नव्हता. मिशनच्या शाळांच्या मैदानाची थोरवी सांगताना हे सांगितले नाही तर ते लिहिणे अर्धे राहील. फी, इंग्रजी भाषा, पांढरे बूट आणि पांढरी विजार ही चार फाटके ओलांडूनच त्या मैदानात पाऊल पडे, आणि पुष्कळांचे पडले नाही.

म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॅरिस ढालीचे केंद्र किल्ल्यातल्या शाळांकडून हळूहळू दादर-परळकडे सरकले, हे मला न्यायाचे वाटते. शिवाजी पार्कच्या मातीत, मराठी माध्यमाच्या शाळांतून, पगारदार व कामगार घरांतील मुले आली आणि त्यांनी खेळाची भूक कशी असते ते दाखविले. या स्थित्यंतराचा परमोच्च क्षण साऱ्या जगाला ठाऊक आहे. 1988 च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभेद्य भागी केली. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349, शाळेच्या 2 बाद 748. समोरचा संघ होता सेंट झेवियर हायस्कूलचा.

पुढे पंचवीस वर्षांनी, 2013 च्या नोव्हेंबरात, त्याच मैदानावर आणि त्याच ढालीसाठी, रिझवी स्प्रिंगफील्डच्या पृथ्वी शॉने 546 धावा केल्या तेव्हाही समोर क्षेत्ररक्षणाला एक कॅथलिक शाळाच होती: बोरिवलीचे सेंट फ्रान्सिस डी'असिसी. या दोन्ही दिवसांची वर्णने मी पुष्कळ वाचली. फटके, चौकार, डाव केव्हा घोषित करावा यासाठी सीमारेषेवरून चाललेल्या खुणा, सारे त्यांत आहे. जी अकरा मुले चेंडू आणायला धावत होती त्यांच्याविषयी एखाददुसरी ओळ.

त्या ओळीत न मावलेले चित्र आपण डोळ्यांपुढे आणले पाहिजे. एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्याचा अर्धा. आझाद मैदानावर एकाच वेळी अनेक सामने चालतात, एकाची सीमारेषा दुसऱ्याच्या खेळपट्टीला भिडलेली. तेथे चौकार अडवायला गेलेला मुलगा परक्या सामन्यातून वाट काढीत चेंडू शोधतो, तो उचलतो, आणि मागे वळून फेकतो. हे एकदा नव्हे, शेकडो वेळा. फेब्रुवारीचे ऊन मुंबईत दुपारी सोसवत नाही. फलक लिहिणाऱ्याला आकडे पुरेनासे होतात. अशा वेळी चेंडू नीट यष्टिरक्षकाच्या हाती फेकायचा की नुसताच ढकलायचा, हे त्या मुलाला कोणी सांगायला येत नाही, आणि कोणी पाहतही नाही. रोम आणि कार्थेज, दिदोंचे तीन शब्द, डॉन बॉस्कोचे पटांगण, या साऱ्यांनी जे शिकवायचे ते त्या फेकीत उतरलेले असते किंवा नसते. सेंट झेवियरच्या मुलांनी मैदान सोडले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पॅड बांधले, ती फलंदाजीला आली, आणि 145 धावांत बाद झाली. कांबळीने त्यांचे सहा गडी घेतले.

त्या अकरांत पंधरा वर्षांचा एक लेगस्पिनर होता, साईराज बहुतुले. त्याने सत्तावीस षटके टाकली, 182 धावा मोजल्या आणि एकही बळी मिळाला नाही. चेंडू टाकून झाल्यावर बोटे कशी दिसत असतील, शिवणीने मधल्या बोटाची कातडी कशी सोलवटली असेल, हे ज्यांनी लेगस्पिन टाकली आहे त्यांना सांगायला नको. दोन वर्षांनी एका भीषण मोटार अपघातात त्याच्या पायाची हाडे मोडली आणि पायात लोखंडी दांडा बसवावा लागला. तो पुन्हा चालायला शिकला, पुन्हा धावायला शिकला, पुन्हा तीच विद्या हाती घेतली आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये सहाशेहून अधिक बळी मिळविले.

2001 च्या मार्चमध्ये चेन्नईस ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या निर्णायक कसोटीसाठी भारताचा संघ जाहीर झाला, तेव्हा साईराज बहुतुलेला पहिल्यांदा कसोटीची टोपी मिळाली. त्या सामन्यात सचिनने 126 धावा केल्या आणि भारत दोन गडी राखून जिंकला. तेरा वर्षांपूर्वी आझाद मैदानाच्या उन्हात ज्याच्या बॅटवरून सुटलेला चेंडू आणायला बहुतुले धावला होता, तो त्या दिवशी त्याच्याच संघात, त्याच्याच रंगाच्या टोपीत होता.